सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये आणि रेस्टॉरंटमध्ये जेवताना: जागा निवडण्यापासून ट्रे परत करण्यापर्यंत

सिंगापूरला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत दशम्या, चिवडा आणि मेतकुटाची बरणी असतेच, आणि तिथे पोहोचल्यावर बहुतेक जण तिन्ही त्रिकाळ भारतीय रेस्टॉरंटच शोधत फिरतात. यात पैसे जास्त जातात आणि त्या शहराचे खरे जेवण अनुभवायचे राहून जाते. शाकाहारी माणसालाही तिथल्या हॉकर सेंटरमध्ये पोटभर आणि निर्धास्त जेवता येते. मात्र त्यासाठी काय मागायचे याबरोबरच कसे मागायचे, कुठे बसायचे आणि जेवून झाल्यावर काय करायचे हे आधी ठाऊक असावे लागते. पुढील माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

जागेची आणि वेळेची निवड

आपल्याकडच्या खाऊगल्लीचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून गेल्यास पहिल्यांदा गोंधळ उडतो, कारण सिंगापूरच्या रस्त्यांवर हातगाड्या जवळजवळ दिसतच नाहीत. १९६८-६९ मध्ये तिथल्या सरकारने रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांच्यासाठी पाणी, सांडपाणी आणि विजेची सोय असलेल्या इमारती बांधून त्यांना तिथे हलवले. याच इमारती म्हणजे हॉकर सेंटर. बाजूंनी उघडी, वर मोठे पंखे, कडेने किंवा रांगांनी छोटे स्टॉल आणि मध्ये सर्वांसाठी सामाईक टेबले अशी त्यांची रचना असते. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. याखेरीज निवासी इमारतींच्या तळमजल्यावर खासगी मालकीची ‘कोपीटियाम’, म्हणजे कॉफीची दुकाने, असतात आणि मॉलमध्ये वातानुकूलित फूड कोर्ट असतात. फूड कोर्टमध्ये पदार्थ साधारण तेच मिळतात, पण गारव्याचे पैसे ताटामागे मोजावे लागतात. दुपारच्या दमट उकाड्यात लहान मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील, तर ते पैसे मोजावेत असे मी खुशाल सांगेन.

पहिल्या दिवशी लिटल इंडिया स्थानकाला लागूनच असलेल्या टेक्का सेंटरला जावे. खालच्या मजल्यावर एका अंगाला मासळी, मटण आणि भाजीचा बाजार, तर दुसऱ्या अंगाला खाण्याचे स्टॉल असल्यामुळे तिथले वातावरण आपल्याला परके वाटत नाही. डोसा, आप्पम, बिर्याणी आणि पराठ्याच्या शेजारीच चिनी स्टॉलही असल्याने एकाच टेबलावर घरातल्या प्रत्येकाची सोय होते. चायनाटाउनमधील मॅक्सवेल फूड सेंटर दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. याच नावाच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडताच ते समोर येते. हायनानीज चिकन राइससाठी ते प्रसिद्ध आहे. ज्यांना निवड करण्यातच आनंद वाटतो त्यांनी चायनाटाउन कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर जावे, कारण दोनशेहून अधिक स्टॉल असलेले ते देशातले सर्वांत मोठे हॉकर सेंटर आहे. मात्र नवख्या माणसाला तिथे नुसते फिरून थकायला होते. लाउ पा सात हे १८९४ सालच्या अष्टकोनी, ओतीव लोखंडाच्या मंडपात आहे. संध्याकाळी सातनंतर त्याच्या शेजारचा बून टॅट रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि तिथे टेबले मांडून निखाऱ्यांवर साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजले जातात. खाण्यापेक्षा पाहण्यासाठी म्हणून ते उत्तम आहे.

वेळेकडे दुर्लक्ष करू नये. कार्यालयांच्या भागात बारा ते दीडपर्यंत टेबल मिळणे मुश्किल होते, म्हणून सव्वाअकराला किंवा दोननंतर जाणे सोयीचे. पण नावाजलेला स्टॉल दोनपर्यंत ‘संपले’ अशी पाटी लावून मोकळा झालेला असू शकतो. तेव्हा एखाद्या ठरावीक स्टॉलसाठीच जायचे असेल तर लवकरची वेळ धरावी. पुष्कळ स्टॉल सोमवारी बंद असतात, प्रत्येक केंद्र ठरावीक काळाने स्वच्छतेसाठी पूर्ण बंद राहते, आणि त्याचे वेळापत्रक तिथली पर्यावरण संस्था आधीच जाहीर करते. चिनी नववर्षाच्या दिवसांत चिनी स्टॉल कित्येक दिवस उघडत नाहीत, दिवाळीत भारतीय स्टॉलची तीच गत असते. सहल अशा दिवसांत आली, तर ज्या समाजाचा सण नाही त्याच्या स्टॉलवर भिस्त ठेवावी.

आधी टेबल, मग रांग

गर्दीच्या वेळी हातात गरम सूपचा वाडगा घेऊन टेबल शोधत फिरण्याची वेळ येऊ नये, म्हणून तिथले लोक आधी टेबल राखतात. ते राखण्याची पद्धत म्हणजे टेबलावर खिशातल्या रुमालाएवढे टिश्यूचे पाकीट, छत्री किंवा एखादे ओळखपत्र ठेवून निघून जाणे; याला ‘चोप’ करणे म्हणतात. कायद्याने या पाकिटाला काहीच अर्थ नाही, तरीही ते बाजूला सारून बसणारा माणूस तिथे असभ्य ठरतो. आपणही हीच पद्धत वापरावी, फक्त मोबाइल किंवा पर्स ठेवण्याचे धाडस करू नये. एकटे असाल तर अर्ध्या रिकाम्या टेबलावर बसलेल्यांना विचारून खुशाल बसावे; अनोळखी लोकांनी एकाच टेबलावर जेवणे तिथे रोजचेच आहे. टिश्यू जवळ बाळगण्याला आणखी एक कारण आहे: स्टॉलवर कागदी रुमाल मिळतीलच असे नाही. टेबलांमधून फिरणाऱ्या वृद्ध विक्रेत्यांकडून ती पाकिटे घ्यावीत. हात धुण्यासाठी बेसिन सर्वत्र असते आणि भारतीय व मलय स्टॉलवरचे जेवण हाताने खाण्यात काहीच गैर मानत नाहीत.

टेबल राखल्यावर लगेच पहिल्या रांगेत उभे राहू नये. एक पूर्ण फेरी मारावी, स्टॉलवरचे फलक आणि दर वाचावेत आणि रांगेत कोण उभे आहे ते पाहावे. गळ्यात कार्यालयाचे ओळखपत्र अडकवलेली माणसे आणि भाजीची पिशवी घेतलेल्या आजी ज्या रांगेत आहेत, ती रांग सहसा फसवत नाही. २०१६ मध्ये रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेची पहिली सिंगापूर आवृत्ती निघाली आणि तीत दोन हॉकर स्टॉलना एकेक तारा मिळाला, तेव्हापासून काही स्टॉलपुढे तासाभराच्या रांगा लागू लागल्या. माझे मत विचाराल तर ज्या रांगेला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल असे दिसते, ती सोडून त्याच पदार्थाचा दुसरा स्टॉल धरावा. चवीतला फरक असला तरी तो भुकेलेल्या मुलांना तेवढा वेळ ताटकळत ठेवण्याइतका नसतो.

ऑर्डर देणे आणि पैसे देणे

स्टॉलवरच्या माणसाला ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणावे. रांगेत आपला नंबर येण्यापूर्वीच काय हवे ते ठरवून ठेवावे, कारण खिडकीसमोर उभे राहून घरच्यांशी चर्चा करणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल तिथे फार सहनशीलता नाही. आपल्याला पहिला प्रश्न इथेच खाणार की बांधून नेणार असा येतो. बांधून नेण्याला ‘ता पाउ’ म्हणतात आणि डब्याचे थोडे जादा पैसे पडतात. नंतर तिखट हवे की नको हे विचारले जाते. काही स्टॉलवर पदार्थ तिथेच थांबून घ्यायचा असतो, काही ठिकाणी टेबलाचा क्रमांक सांगितला की ते आणून देतात. फलकावर ‘सेल्फ सर्व्हिस’ लिहिले असेल तर वाट पाहत बसू नये.

साधे एका माणसाचे जेवण सुमारे चार ते सहा सिंगापूर डॉलरमध्ये होते. फलकावर लिहिलेली किंमत हीच अंतिम किंमत असते, तीवर कर किंवा सेवाशुल्क लागत नाही आणि टीप देण्याची पद्धत नाही. क्यूआर कोड बहुतेक स्टॉलवर दिसतात, पण ते प्रामुख्याने स्थानिक बँकांच्या ग्राहकांसाठी असतात. पाहुण्याने दोन, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा जवळ ठेवाव्यात. पन्नासची नोट सकाळी सकाळी पुढे केली तर आंटीच्या कपाळावर आठी पडते.

अनेक भाज्या आणि कालवणे काचेमागे मांडून ठेवलेला स्टॉल दिसला, तर तो ‘इकॉनॉमी राइस’चा असतो. तिथे बोट दाखवत दोन-तीन प्रकार भातावर घ्यायचे असतात. दर प्रकारांच्या संख्येवर ठरतो, पण मासळीचा अख्खा तुकडा किंवा कोळंबी घेतल्यास हिशेब एकदम वर जातो, म्हणून ते वाढण्यापूर्वीच किंमत विचारून घ्यावी.

शाकाहारींनी काय विचारावे

‘आय ॲम व्हेजिटेरियन’ एवढे सांगून काम भागत नाही. समोरच्या माणसाच्या मनात त्याचा अर्थ पुष्कळदा ‘मांसाचे तुकडे नकोत’ एवढाच होतो, आणि मग भाजीत ऑयस्टर सॉस (कालवांचा सॉस), नूडल्समध्ये डुकराची चरबी आणि सूपमध्ये हाडांचे पाणी तसेच राहते. म्हणून यादीच सांगावी: नो मीट, नो चिकन, नो फिश, नो प्रॉन, नो एग, नो ऑयस्टर सॉस, कॅन? ‘कॅन’ असे उत्तर आले तर घ्यावे, ‘कॅनॉट’ म्हटले तर आभार मानून पुढच्या स्टॉलकडे वळावे. ‘कॅनॉट’ म्हणणारा विक्रेता आपल्याला टाळत नसतो, उलट तो प्रामाणिकपणे सांगत असतो.

काही पदार्थ नावावरून किंवा दिसण्यावरून शाकाहारी वाटतात, पण नसतात. ‘कॅरट केक’मध्ये गाजर नसतेच, तो तांदळाचे पीठ आणि मुळ्याच्या वड्या अंड्यात परतून केलेला खारा पदार्थ आहे आणि त्यात बऱ्याचदा चरबी वापरतात. चिनी पद्धतीच्या ‘रोजक’ या फळांच्या कोशिंबिरीवर कोळंबीची काळी पेस्ट घातलेली असते. मलय सांबलमध्ये ‘बेलाचान’, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा असतो, त्यामुळे नुसती चटणी म्हणूनही ती शाकाहारी माणसाने घेऊ नये. चिकन राइसमधला भात चिकनच्या पाण्यातच शिजतो, तेव्हा ‘फक्त भात द्या’ म्हणून उपयोग नाही. रोटी प्राटा, म्हणजे तिथला पदर सुटलेला पराठा, स्वतः बहुधा निर्दोष असतो, पण त्यासोबत येणारी वाटी माशाच्या किंवा मटणाच्या रश्श्याची असू शकते. डाळ मागून घ्यावी आणि अंड्याचा प्राटा त्याच तव्यावर भाजला जातो हे ज्यांना चालत नाही त्यांनी प्राटाच टाळावा. टोस्टवर लावतात तो ‘काया’ नारळाचे दूध, साखर आणि अंडी यांचा असतो.

आता निर्धास्त पर्याय. लिटल इंडियात आनंद भवन हे १९२४ पासूनचे आणि कोमला विलास हे १९४७ पासूनचे शाकाहारी भोजनगृह आहे. इडली, डोसा, केळीच्या पानावरचे जेवण यांसाठी वेगळी चौकशी करावी लागत नाही. मात्र मला अधिक आग्रहाने सुचवावेसे वाटतात ते चिनी बौद्धांचे शाकाहारी स्टॉल, कारण आपले लोक ते पाहूनच मागे फिरतात. काचेमागे लालभडक भाजलेल्या मांसाच्या चकत्या, बदकाच्या कातडीसारखे सुरकुतलेले तुकडे आणि माशाच्या आकाराच्या वड्या मांडलेल्या दिसतात. प्रत्यक्षात ते सारे सोयाबीनची साय, गव्हातले ग्लुटेन आणि अळंबी यांपासून केलेले असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ताट समोर आल्यावर समजूत काढणे जड जाते. सकाळी यांच्याकडे तांदळाच्या बारीक शेवया परतून, कोबी आणि कुरकुरीत तुकडे घालून मिळतात. त्याला शाकाहारी ‘बी हून’ म्हणतात आणि नाश्त्याला तो कांदेपोह्यांइतकाच हलका आणि स्वस्त पडतो. परंपरेने हे स्टॉल कांदा-लसूणही वापरत नाहीत, ही चातुर्मास पाळणाऱ्यांसाठी मोठीच सोय. पण अंडे आणि दूध काही ठिकाणी चालते, आणि बटाटा, गाजर, अळंबी तर सर्रास असते, म्हणून जैन पद्धत पाळणाऱ्यांनी वेगळे विचारावे. चिनी चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येच्या लगतच्या दिवशी आणि पौर्णिमेच्या सुमारास, अनेक चिनी कुटुंबे शाकाहार पाळतात. त्या दिवशी या स्टॉलवर रांग लांब असते आणि पदार्थही जास्त असतात. बुगिसजवळची फॉर्च्युन सेंटर ही इमारत शाकाहारी खानावळींसाठी ओळखली जाते, आणि तिच्या जवळच वॉटरलू रस्त्यावर कुआन इम या करुणेच्या चिनी देवीचे देऊळ आणि कृष्णमंदिर शेजारी शेजारी आहेत.

मासे खाणाऱ्यांसाठी

कोकणातल्या खवय्याला सिंगापुरात घरच्यासारखे वाटेल असा पदार्थ म्हणजे केळीच्या पानावर सांबल थापून भाजलेले पाकट. मांसाचे पदर काट्यावरून सहज सुटतात, कडा किंचित करपलेल्या असतात आणि वरून लिंबू पिळले की तिखट आणि धुराचा वास एकत्र होतो. न्यूटन फूड सेंटर किंवा ईस्ट कोस्ट लगून फूड व्हिलेज येथे तो मिळतो. पदार्थ लहान, मध्यम, मोठा अशा आकारांत आणि दरांत मिळत असेल, तर आपणच आकार सांगावा.

खेकडा, मोठी कोळंबी आणि जिवंत मासे वजनावर विकले जातात. फलकावर लिहिलेला आकडा किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा हे नीट पाहावे. ‘सीझनल प्राइस’ असे लिहिले असेल तर निवडलेला खेकडा तराजूवर ठेवायला सांगून एकूण किती डॉलर होतील हे शिजवण्यापूर्वीच विचारावे. असे विचारणे तिथे मुळीच अपमानास्पद मानले जात नाही. पर्यटकांच्या केंद्रांमध्ये कोणी आपणहून पुढे येऊन, हात धरून आपल्या स्टॉलकडे नेऊ लागला, तर त्याच्यामागे न जाणेच बरे. चिली क्रॅब खायचा असेल तर चौघांनी मिळून मागवावा, सोबत रस्सा टिपायला तळलेले ‘मानताउ’ पाव घ्यावेत आणि पांढरा सदरा घालून जाऊ नये.

कोपी आणि तेह

पेयांचा स्टॉल वेगळा असतो. काही केंद्रांत त्याचा माणूस टेबलापाशी येऊन ऑर्डर घेतो आणि पैसे तिथेच मागतो. लांबट कापडी गाळणीतून काढलेली तिथली दाट कॉफी म्हणजे ‘कोपी’. नुसते ‘कोपी’ म्हटले की कंडेन्स्ड दूध घातलेली गोड कॉफी येते. ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखर घातलेली. ‘कोपी सी’ म्हणजे आटवलेले बिनगोडाचे दूध आणि वेगळी साखर घातलेली. यापुढे ‘सिउ दाय’ जोडले तर गोड कमी, ‘कोसोंग’ जोडले तर साखर अजिबात नाही, ‘पेंग’ जोडले तर बर्फ. मधुमेह असलेल्यांनी ‘कोपी ओ कोसोंग’ किंवा दूध हवेच असल्यास ‘कोपी सी कोसोंग’ मागावी. चहालाही हेच नियम, फक्त ‘कोपी’च्या जागी ‘तेह’. आपल्या आल्याच्या चहाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार म्हणजे ‘तेह हालिया’. भारतीय मुस्लिम स्टॉलवर तो हमखास मिळतो. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, पण हॉकर सेंटरमध्ये पाण्याचा ग्लास कोणी आणून ठेवत नाही, म्हणून भरलेली बाटली सोबत असू द्यावी.

ट्रे परत करणे

१ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये आपले ट्रे आणि भांडी परत ठेवण्याच्या नियमाची अंमलबजावणी सुरू झाली आहे. पुढे तो कोपीटियाम आणि फूड कोर्टलाही लागू झाला. टेबलावर वापरलेले टिश्यू, काटे किंवा स्ट्रॉ सोडणे हाही नियमभंगच आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद मिळते, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड होऊ शकतो. दंड राहो, ट्रे सोडून दोन मिनिटे झाली नाहीत तोच मैना टेबलावर उतरून भात विस्कटतात आणि पुढच्या माणसाला बसायची सोय उरत नाही.

ट्रे ठेवण्याचे रॅक दोन असतात: एक हलाल आणि एक बिगरहलाल. आपण कोणत्या स्टॉलवरून घेतले ते लक्षात ठेवून त्याच रॅकवर ठेवावे, आणि एका टेबलावर दोन्ही प्रकार असतील तर भांडी एकमेकांत रचू नयेत. मुस्लिम स्टॉलच्या प्लेटमध्ये शेजारच्या डुकराच्या मांसाच्या पदार्थाची चव घेणे तर कटाक्षाने टाळावे. घरी उपवासाची भांडी वेगळी ठेवणाऱ्यांना यामागची भावना समजावून सांगावी लागणार नाही.

रेस्टॉरंटमधील बिल

रेस्टॉरंटच्या यादीत किमतीपुढे दोन अधिक चिन्हे दिसली, तर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी वेगळा लागणार असे समजावे. कर सेवाशुल्कासह होणाऱ्या रकमेवर लागतो: ८० डॉलरच्या जेवणावर ८ डॉलर सेवाशुल्क, मग ८८ वर ७.९२ डॉलर कर, म्हणजे हातात येणारे बिल ९५.९२ डॉलरचे. ‘नेट’ असे लिहिले असेल तर तीच अंतिम किंमत. सेवाशुल्क दिल्यावर टीप देण्याची अपेक्षा नसते.

चिनी रेस्टॉरंटमध्ये बसताच शेंगदाण्यांची वाटी, ओले रुमाल आणि चहा न मागता येतो. ही पाहुणचाराची खूण नसून यांचे पैसे माणशी बिलात लागतात. नको असतील तर हात न लावता लगेच परत करावेत आणि बिलात ते आले नाहीत ना हे पाहावे. आठवड्याच्या मधल्या दिवसांतील दुपारचे ठरावीक जेवण, म्हणजे ‘सेट लंच’, त्याच स्वयंपाकघरातले असूनही रात्रीपेक्षा बरेच स्वस्त पडते. शनिवार-रविवार संध्याकाळी आरक्षण करूनच जावे.

उरलेले अन्न बांधून मागण्यात संकोच करू नये. मात्र ते घेऊन मेट्रोने जाताना पिशवी उघडू नये, कारण स्थानकात आणि गाडीत खाण्या-पिण्यास बंदी असून दंड ५०० डॉलरपर्यंत जातो. पाण्याचा घोटही यातून सुटत नाही. ड्युरियन हे उग्र वासाचे फळ तर बंद डब्यातूनही मेट्रोत आणि बहुतेक निवासी हॉटेलांत नेता येत नाही. ते विकत घेतलेच तर विक्रेत्याकडून तिथेच फोडून घ्यावे, त्याच्याच टेबलावर बसून खावे आणि मगच निघावे.